तिसऱ्या नकाशावरचा शब्द

तिसऱ्या आराखड्याला शंभरातले एकेचाळीस गुण देऊन सूर्यभानने पेनाला टोपण लावलं आणि नकाशाची गुंडाळी करायला घेतली, तेव्हा त्याला तो शब्द दिसला. सगळा नकाशा इंग्रजीत होता, स्टेन्सिलने काढलेल्या सरळसोट अक्षरांचा. फक्त दोन भिंतींमधल्या पोकळीत, मोजमापाच्या बाणाच्या वरच्या अंगाला, तीन मराठी अक्षरांएवढ्या जागेत कुणीतरी पेन्सिलीने काहीतरी लिहिलं होतं. ट्रेसिंगवरून पुसायचं राहून गेलं असणार, म्हणून प्रिंटवर निळसर फिकट उतरलं होतं. त्याने नकाशा खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. 'वाघूर.' दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, अजिंठ्याकडची वाघूर नदी. सूर्यभानला मात्र नदी आठवली नाही. त्याने गुंडाळी परत उलगडली, टेबलावर चारी कोपऱ्यांना चार पुस्तकं ठेवली आणि खुर्चीत बसून राहिला. बाहेर गल्लीत सामसूम होती. कालच संक्रांत झाली होती, कालच सरकारने विद्यापीठाच्या नावाचं जाहीर केलं होतं, आणि आज शहरभर चौकाचौकांत पोलीस बसले होते. कॉलेजला सुट्टी होती. करीचा दिवस, नव्या कामाला हात घालू नये म्हणतात. पण हे काम नवं नव्हतं, संपत आलेलं होतं, किंवा त्याला तसं वाटत होतं.

काम तसं ऐकणाऱ्याला हसू येईल असंच होतं. गुजरातेतल्या एका संशोधन संस्थेने देशभरातल्या स्थापत्य अभियंत्यांकडून आराखडे मागवले होते: पुढे कधीतरी, तीस-चाळीस वर्षांनी, सूर्यात जशी आग पेटलेली असते तशी पृथ्वीवर पेटवणारं केंद्र उभं राहिलं, तर त्याच्याभोवती इमारत कशी असावी? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. शेजारचे कुलकर्णी वाळूजला स्कूटरच्या कारखान्यात होते. ते म्हणायचे, 'सूर्यभानराव, नावाला जागलात, सूर्याला कोंडायला निघालात.' पण सूर्यभानला हे काम म्हणजे आयुष्यातली सगळ्यात मोठी संधी वाटत होती. आलेल्या आराखड्यांतले तीन निवडून, नावं काढून, क, ख, ग अशी अक्षरं लावून संस्थेने त्याच्याकडे पाठवले होते. अहवाल पसंत पडला तर तीन वर्षांसाठी त्याला तिकडच्या अभ्यासगटात घेणार होते. औरंगाबादच्या कॉलेजात बारा वर्षं खडू झिजवलेल्या माणसाला हे सांगायला नको की अशी बोलावणी दोनदा येत नाहीत. पत्राच्या शेवटी एक ओळ होती. आराखडा कुणाचा आहे हे परीक्षकाच्या ध्यानात आल्यास त्याने तसे लेखी कळवावे व मूल्यमापनातून बाजूला व्हावे. ती ओळ त्याने पहिल्यांदा वाचली तेव्हा तो हसला होता. एवढ्या मोठ्या देशात कुणाचा नकाशा कसा ओळखू यायचा?

आता ओळखू आला होता. जगात एकच माणूस असा होता जो अणुकेंद्राच्या नकाशावर वाघूर लिहील, आणि त्या माणसाला तो शब्द सूर्यभाननेच दिलेला होता. वाघूर म्हणजे मेंढरांभोवती लावायची सुताची जाळी. सूर्यभानचे वडील त्रिंबक देवगाव रंगारीचे, उन्हाळ्यात मेंढरं घेऊन पैठण रस्त्याने चितेगावच्या माळापर्यंत यायचे आणि कुणाच्या तरी शेतात वाघूर लावून मुक्काम करायचे. त्या माळावर आता कारखान्यांच्या शेड आहेत. सूर्यभान कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता, आणि हवेच्या दाबातला फरक काही केल्या त्याच्या डोक्यात शिरत नव्हता. स्थापत्य शिकवणाऱ्या साळवे सरांनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, 'तुझे वडील मेंढरं कशी कोंडतात?' सूर्यभान लाजला. पण सर खरंच विचारत होते. मग त्याने सांगितलं की वाघूर म्हणजे नुसता दोरा असतो सर, लांडग्याच्या एका हिसड्यात तुटंल. जोर जाळीत नसतोच. कोकरं मधी, त्यांच्या माया कडंनं, कुत्री भायेर, आणि सगळ्या जनावरांची ओढ आत, कोकराकडं. म्हणून जाळी टिकती. सरांनी खडू पुन्हा उचलला. मग म्हणाले, 'म्हणजे आतली ओढ बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवायची, की भिंत पातळ असली तरी चालते. हाच दाबातला फरक. तुला येतंय की रे.' त्या दिवशी सूर्यभान सायकलवरून होस्टेलला परतला तो शिट्टी वाजवत. आपल्या बापाला भूमिती येते हे त्याला त्या दिवशी कळलं. साळवे सरांचे उपकार त्याच्यावर किती, हे मोजायला तो कधी बसला नव्हता, पण बसला असता तर सुरुवात तिथूनच केली असती.

खरी सुरुवात मात्र त्याच्याही आधीची होती, आणि ती आठवली की सूर्यभानच्या कानाच्या पाळ्या अजून गरम होत. साळवे सर बौद्ध. नागसेनवनातल्या बाबासाहेबांच्या कॉलेजात शिकून वर आलेले, विद्यापीठाच्या रस्त्यावर दोन खोल्यांत राहणारे. इंग्रजीतलं गणित न कळणाऱ्या पोरांना ते संध्याकाळी घरी बोलवत, आणि तीन-चार पोरांत सूर्यभान एक होता. सरांच्या बायकोने, साळूबाईंनी, पहिल्याच दिवशी पाण्याचा तांब्या आणि भाकरी पुढे ठेवली, तेव्हा तो म्हणाला, 'उपास हाय.' रविवार होता, खंडोबाचा, ते खपलं. सोमवारी महादेवाचा. मंगळवारी देवीचा. साळूबाईंनी भाकरी उचलून नेली. बुधवारी पुन्हा त्याने तेच सांगितलं तेव्हा त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, 'बुधवारचा कोणत्या देवाचा रं?' सूर्यभानला देव सुचेना. तेहतीस कोटींतला एकही बुधवारी मोकळा सापडेना. पुस्तकातून मान वर न करता सर म्हणाले, 'अभ्यासाचा असेल. खाऊ नको म्हणते ती भूमिती.' आणि साळूबाई हसल्या, आणि सूर्यभान हसला, आणि हसता हसता त्याने तांब्या उचलून पाणी प्यायलं. घोट घशात अडकला, ठसका लागला, साळूबाईंनी पाठीवर थोपटलं. जेमतेम तीन आठवड्यांत तो त्या घरात मिरचीच्या ठेच्यासाठी भांडायला लागला होता. माणूस बदलतो म्हणतात ते असं, ठसका लागून.

पण ठेच्याने माणूस पुरता बदलत नाही हे अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्याने त्याला दाखवलं. विधानसभेत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि मराठवाडा पेटला. खेड्याखेड्यांतून बातम्या यायच्या, वस्त्या जाळल्याच्या, माणसं रातोरात शहराकडे पळत आल्याच्या. होस्टेलात विरोधाच्या सभा व्हायच्या. आप्पासाहेब म्हणून एक चौथ्या वर्षाचा, मोठ्या घरचा पोरगा, हातात कागद घेऊन खोलीखोलीतून फिरला. सूर्यभानच्या खोलीत आला तेव्हा त्याच्यामागे दहा-बारा जण होते. 'तू रोज संध्याकाळी कुठं जातो रे?' त्याने विचारलं. सूर्यभान म्हणाला, 'मामाकडं. चितेगावला.' चितेगाव पैठण रस्त्याला, आणि रोज संध्याकाळी त्याची सायकल नेमकी उलट्या दिशेने जायची. सगळ्यांना माहीत असणार. आप्पासाहेबाने कागद पुढे केला, सूर्यभानने सही केली, आणि मग त्याच्या हातात एक फलक दिला गेला आणि तो तासभर क्रांती चौकात उभा राहिला. घोषणा देताना त्याचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता, असं पुढे कित्येक वर्षं तो स्वतःला सांगत आला. आवाज येत होता. त्याला तो ऐकूही आला होता. महिना-दीड महिना कॉलेज बंद राहिलं, आणि उघडल्यावर एका संध्याकाळी, कसा कोण जाणे, तो सरांच्या दारात जाऊन उभा राहिला. सरांनी त्याच्याकडे पाहिलं, पुस्तक घेतलं, आणि जिथे सोडलं होतं तेच पान उघडलं. एकशे बारावं. 'बस,' म्हणाले. त्या एका शब्दावर सूर्यभान शिकला, नोकरीला लागला, औरंगपुऱ्यात भाड्याने आणि मग स्वतःच्या घरात राहायला आला, त्याची बहीण नर्स झाली, म्हातारपणी त्रिंबकच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सगळं त्या एका शब्दावर. आणि त्या शब्दाच्या मोबदल्यात त्याने सरांना काय सांगितलं होतं? काहीच नाही. सोळा वर्षं.

त्याने एकेचाळीसचा आकडा पुन्हा पाहिला. मग गुणांचा तक्ता काढला. तक्ता त्याने एका जुन्या अणुकेंद्रांच्या नियमपुस्तकावरून बेतला होता: दाब सोसण्याच्या ताकदीला चाळीस गुण, गळती रोखण्याला तीस, दुरुस्तीला वीस, बांधण्याच्या सोपेपणाला दहा. क आराखडा म्हणजे चार फूट जाडीचा काँक्रीटचा घुमट, त्याला ताकदीत पैकीच्या पैकी मिळाले होते. ग म्हणजे दोन पातळ भिंती आणि मधे पोकळी, ताकदीत सहा. सूर्यभान त्या चाळीसाकडे बघत राहिला आणि त्याच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. हात दाखवून अवलक्षण. जुन्या अणुकेंद्रात आग स्वतः पेटत जाते, म्हणून तिथे घुमट जाड लागतो. इथे उलटं होतं. सूर्याचा तो तुकडा इतका नाजूक, की भिंतीला नुसता टेकला तरी विझून जातो. इंधन आत असतं ते चिमूटभर. भीती स्फोटाची नव्हती. भीती होती ती किरणोत्सारी हायड्रोजनची, जो लोखंडातूनही पाझरतो, काँक्रीटच्या भेगेतून गुपचूप बाहेर जातो आणि पाण्यात मिसळतो. त्याला जाड भिंत अडवत नाही. त्याला अडवतो तो दाबातला फरक: आत हवा कमी, बाहेर जास्त, म्हणजे जी काही गळती होईल ती आतल्या दिशेने. स्थापत्यवाल्याचा हात जिथे तिथे काँक्रीट ओततो. शिकवलेलं विसरत नाही. सूर्यभानने तक्ता फाडला आणि नवा केला. गळतीला चाळीस, ताकदीला वीस, बाकीची वाटणीही नव्याने, आणि तिन्ही आराखड्यांना गुण पुन्हा पहिल्यापासून दिले. ग वर चढून चौऱ्याहत्तरला गेला. क खाली आला, चौसष्टला. ख दोघांच्याही मागे.

मग त्याने पेन खाली ठेवलं. तक्ता बदलला तो चूक कळली म्हणून, की नाव कळलं म्हणून? शब्द आधी दिसला होता, चूक नंतर दिसली होती, हे कितीही घोळवलं तरी बदलत नव्हतं. काल हाच नकाशा कुणा परक्याचा होता आणि काल त्याला ती चूक दिसली नव्हती. त्याने सूड उगवल्यासारखा ग आराखडा पुन्हा तपासायला घेतला, एकेक नळी, एकेक दरवाजा, आणि दीड तासाने त्याला एक खोट सापडली. यंत्राभोवतीची प्रचंड चुंबकं द्रवरूप हेलियममध्ये बुडवून गार ठेवलेली असतात. ते हेलियम कधी सांडलं, तर एका बादलीचा सातशे बादल्या वायू होतो, आणि तो क्षणात. त्या पातळ भिंतींना ते सोसणारं नव्हतं, आणि वायू सोडून द्यायची वाट सरांनी काढलीच नव्हती. सूर्यभानला बरं वाटलं आणि लगेच बरं वाटल्याची लाज वाटली. त्याने आठ गुण कापले. सहासष्ट. क चौसष्ट. दोन गुणांनी ग पुढे. तो त्या दोन गुणांकडे बघत बसला. ते हिशोबाचे होते की बुधवारच्या भाकरीचे? हे त्याला ठरवता येईना, आणि आपल्याला ठरवता येणार नाही हेही कळून चुकलं. ब्लेड हाताशी होतं. प्रिंटवरचा तो फिकट शब्द ब्लेडने खरवडला असता तर कुणाला काही कळलं नसतं. ग पहिला आला असता, सरांचं भलं झालं असतं, सूर्यभान गुजरातेत गेला असता. सगळ्यांचं कल्याण. असं कल्याण त्याने एकदा केलं होतं, चितेगावच्या मामाचं नाव घेऊन. त्याने शर्ट बदलला, नकाशा आणि कोरे कागद पिशवीत घातले आणि सायकल काढली. स्कूटर होती, पण आज सायकलच घ्यावीशी वाटली.

सरांच्या गल्लीत गुलालाने रस्ता अजून निळा होता आणि कोपऱ्यावर एक पोलीस खुर्ची टाकून पेंगत होता. दार साळूबाईंनी उघडलं. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. 'ये रं सूर्यभान. आज शनवार. मारुतीचा उपास नाय ना?' सोळा वर्षं त्या हेच विचारत होत्या. 'नाय काकू,' तो म्हणाला, 'आज लई भूक हाय.' मागच्या अंगणात सर उन्हाला खुर्ची टाकून बसले होते, अंगावर शाल, मांडीवर वर्तमानपत्र.

'नामांतर मागितलं, नामविस्तार मिळाला,' सर म्हणाले. 'मराठवाडाही राहिला, बाबासाहेबही आले. ज्यांची घरं गेली त्यांची गेलीच. पण काल रात्री पोरं नाचली, मलाही दोन पावलं टाकायला लावलं. गुडघा धरलाय सकाळपासून. तू का असा उन्हात आलास?'

सूर्यभानने नकाशा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. सरांनी चष्मा लावला, आणि तो कागद ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. मग त्यांचं बोट पोकळीतल्या शब्दावर जाऊन थांबलं.

'पुसायचं राहिलं व्हय,' ते हळूच म्हणाले. 'म्हातारपण. तुझ्याकडं आलाय का हा? आकडा सांगू नको. एक शब्द सांगू नको.'

'आकडा नाय सांगत सर. पण हेलियम सांडलं तर?'

सर पुन्हा नकाशावर वाकले. ओठ हलले, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. 'अरे! राहिलंच की! सातशे पट. पातळ भिंत, आणि वाट काढलीच नाही मी.' आणि ते हसायला लागले, इतके मनापासून की साळूबाई आतून डोकावल्या. 'नकाशा वाचलास तू. नीट वाचलास. लिही ते, अगदी ठळक लिही. सूर्यभान, मला आयुष्यभर लोक म्हणाले, याला मार्क सवलतीचे मिळाले. खरं सांगायचं तर कुणी नीट कापलेही नाहीत माझे. दयेनं सोडून द्यायचे नाही तर रागानं फाडायचे. हे बरं केलंस.'

सूर्यभानला बोलायचं होतं ते आता घशाशी आलं. ठसका लागल्यासारखं. 'सर, अठ्ठ्याहत्तरला मी...'

'सही केली होतीस.' सरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. 'तो कागद आमच्या स्टाफरूममध्ये आला होता. बाकीच्यांनी कोंबडीचे पाय काढले होते. त्यात एकच सही सुवाच्य होती. सूर्यभान त्रिंबक. अक्षर मीच घोटून घेतलेलं, मला ओळखू येणार नाही होय?'

'मग तुम्ही बोलला का नाय कधी?'

'काय बोलू?' सर म्हणाले. 'राग आला होता. तीन दिवस जेवलो नाही नीट, हिला विचार. आणि मग तू दारात येऊन उभा राहिलास, आणि तुला इंटिग्रेशन येत नव्हतं. मग ते आधी घेतलं.'

सूर्यभान अंगणात उभ्याउभ्या रडला. आपल्याला कुणी बघतंय याची त्याला पर्वा वाटली नाही. कुणाचे आभार मानावेत तर ते शब्दांनी मानायचे असतात असं त्याला आजवर वाटत होतं, म्हणून तो शब्द शोधत राहिला होता आणि दिवस निघून गेले होते. साळूबाईंनी भाकरी, ठेचा आणि कालचा तिळाचा लाडू आणून ठेवला आणि काही न विचारता आत गेल्या. तो जेवला. हात धुतले. मग सरांच्याच पाटावर कोरा कागद ठेवून त्याने संस्थेला पत्र लिहायला घेतलं. गुणांचा जुना तक्ता चुकीचा होता, का चुकीचा होता. नव्या तक्त्यानुसार गुण किती आले. हेलियमची खोट. आणि मग, थांबून: तिसरा आराखडा माझे शिक्षक प्रा. के. एस. साळवे यांचा असल्याचे मी ओळखले आहे. माझ्यावर त्यांचे फार उपकार आहेत. त्यामुळे माझे गुण धरू नयेत. तक्ता आणि आकडेमोड दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावी. मी बाजूला होत आहे.

'गुजरात राहून जाईल तुझं,' सर म्हणाले. आकडे लिहिलेला भाग त्यांनी तळहाताने झाकून ठेवला होता, आणि खालच्या ओळी तेवढ्या ते वाचत होते.

'राहू द्या.'

'दुसरा कुणी तपासेल आणि याला नापासही करील.'

'करू द्या. पण नाव लिहिलं मी.'

सरांनी बोट त्या ओळीवर टेकवलं. 'के. नको,' ते म्हणाले. 'छप्पन साली इथं नोकरीला लागलो तेव्हा हजेरी घेताना साहेब हसला होता माझ्या नावाला. सगळी कचेरी हसली. दुसऱ्या दिवसापासून के. एस. झालो. पेन्शनच्या कागदावरसुद्धा तेच. माझ्या आधीची तीन भावंडं गेली होती रे. मग आईनं मला कडू नाव ठेवलं, मरणानं तोंडात घातलं तर थुंकून टाकावं म्हणून. थुंकलं की त्यानं. जगलो.' त्यांनी पेन त्याच्याकडे सरकवलं. 'पूर्ण लिही.'

सूर्यभानने के. एस. खोडलं. पेन हातात धरून तो सरांच्या तोंडाकडे बघत राहिला, कारण ज्या माणसाच्या एका शब्दावर तो उभा राहिला होता, त्याचं नाव त्याला माहीत नव्हतं. सोळा वर्षांत त्याने ते कधी विचारलंच नव्हतं.

'कडुबा,' सर म्हणाले. 'कडुबा सांडू साळवे.'

त्याने ते सावकाश, एकेक अक्षर घोटून लिहिलं.